खेळ की काम? — मोटारशर्यतीचा ट्रॅक आणि घरातला पडदा



मोटारींच्या शर्यती हा विषय घेऊन कामगार संघटनेचा एक कार्यकर्ता या व्यासपीठावर उभा राहावा, याचे काहींना नवल वाटेल. आमचे आयुष्य गेटमीटिंगा, पगाराचे तंटे आणि बोनसच्या वाटाघाटी यांत गेले; आमचे शिक्षण जे काही झाले, ते रात्रीच्या शाळेत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. ताशी तीनशे किलोमीटर वेगाने धावणाऱ्या मोटारीत आम्ही कधी बसलो नाही आणि आता या वयात बसण्याचा संभवही नाही. तरीही हा विषय आम्ही मुद्दाम निवडला. खेळ कशाला म्हणावे आणि काम कशाला म्हणावे, हा आमच्या चळवळीतला फार जुना प्रश्न आहे. आणि तोच प्रश्न 2020 साली, सारे जग घरात कोंडले गेले असताना, शर्यतीच्या मोटारी हाकणाऱ्या लोकांपुढे एकाएकी येऊन उभा राहिला. त्याचा इतिहास पाहिला, तर आपल्यालाही त्यातून काही घेण्यासारखे आहे.

प्रथम वस्तू काय आहे ती सांगू. हिला 'सिम रेसिंग' म्हणतात. खोलीत एक खुर्ची, तिच्यापुढे मोटारीचे स्टिअरिंग, पायाशी ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर, डोळ्यांपुढे पडदा आणि या सर्वांना जोडलेला संगणक. इंटरनेटच्या तारेने अशा तीस-चाळीस खोल्या एकमेकींना जोडल्या, की निरनिराळ्या देशांत बसलेली माणसे एकाच शर्यतीत एकमेकांशी झुंजू लागतात. जत्रेत नाणे टाकून खेळायच्या यंत्राशी हिचे नाते आहे, नाही असे नाही. पण नाते असणे वेगळे आणि तेच असणे वेगळे. येथे टायर झिजतो, इंधन संपते, पुढच्या गाडीने फाडलेल्या हवेचा फायदा मागच्या गाडीला मिळतो आणि हे सारे गणित सेकंदाला शेकडो वेळा नव्याने मांडले जाते.

या यंत्राचा पूर्वज मात्र संगणक नव्हता. तो वाद्यांच्या कारखान्यात जन्मला. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात बिंगहॅम्टन नावाचे गाव आहे. तेथे लिंक घराण्याचा पियानो आणि ऑर्गन तयार करण्याचा कारखाना होता. आपल्या संगीत नाटकांनी ज्याला घराघरांत ओळखीचा केला, त्याच्याच कुळातला हा ऑर्गन. पायाने भाता मारावा, हवा कोंडावी आणि ती पट्टीपट्टीतून सोडावी. या घराण्यातल्या एडविन लिंक या तरुणाला विमान चालवण्याचे वेड होते आणि विमानात बसून शिकण्याचा खर्च त्याला परवडत नव्हता. तेव्हा 1929 च्या सुमारास त्याने कारखान्यातले तेच भाते, त्याच हवेच्या नळ्या घेऊन जमिनीवरच डोलणारे, वळणारे, झुकणारे एक बुटके विमान तयार केले. कर्णा ओढला, की भात्यातली हवा कमीजास्त व्हावी आणि खोके त्या बाजूला कलावे, अशी ती रचना. कोणाही पेटी दुरुस्त करणाऱ्याला ती चटकन समजेल.

या यंत्राची पहिली गिऱ्हाइके कोण होती? करमणुकीची उद्याने. शिकवण्याचे यंत्र म्हणून ते कोणी घेईना, म्हणून ते खेळणे म्हणून विकले गेले. मग 1934 साल उजाडले. अमेरिकी सरकारने टपाल वाहण्याचे काम लष्करी वैमानिकांवर सोपवले. रात्रीच्या आणि धुक्याच्या उड्डाणाची सवय नसलेले ते तरुण काही आठवड्यांतच एकामागून एक मृत्युमुखी पडू लागले. तेव्हा लष्कराला या खेळण्याची आठवण झाली. सांगतात, की लिंकला भेटायला अधिकारी नेवार्कच्या विमानतळावर जमले त्या दिवशी दाट धुके होते. आता हा काही येत नाही, असे म्हणून ते निघण्याच्या बेतात असताना लिंक केवळ यंत्रांच्या काट्यांवर नजर ठेवून विमान घेऊन उतरला. लष्कराने सहा यंत्रे घेतली, प्रत्येकी साडेतीन हजार डॉलरला. पुढे दुसऱ्या महायुद्धात अशी सुमारे दहा हजार यंत्रे तयार झाली आणि लक्षावधी वैमानिक त्यांवर शिकले.

श्रोतेहो, या हकीकतीतली एक गोष्ट ध्यानात ठेवा. यंत्र तेच होते. उद्यानात होते तेव्हा ते खेळणे होते आणि लष्कराच्या शाळेत गेले तेव्हा ते शिकण्याचे साधन झाले. फरक यंत्रात पडला नाही. त्यावर बसणाऱ्याच्या पोटापाण्याचा आणि प्राणाचा संबंध त्याच्याशी जडला, तेथे फरक पडला.

विमानाकडून मोटारीकडे यायला आणखी अर्धे शतक लागले. 1984 साली इंग्लंडमध्ये जेफ क्रॅमंड या गृहस्थाने घरगुती संगणकासाठी 'रेव्ज' नावाचा शर्यतीचा कार्यक्रम रचला आणि त्यासाठी फॉर्म्युला थ्री गाडी चालवणाऱ्या डेव्हिड हंटचे साह्य घेतले. 1987 मध्ये अमेरिकेत डेव्हिड केमर आणि ओमर खुदारी यांनी पपायरस ही कंपनी काढली. तिचा 'इंडियानापोलिस 500' हा कार्यक्रम 1989 सालचा. 1998 साली तिने 'ग्रां प्री लेजंड्स' हा 1967 च्या हंगामावर बेतलेला कार्यक्रम आणला आणि तो इतका अवघड होता, की नवख्याची गाडी पहिल्याच वळणावर गरकन फिरून उलटी तोंड करून उभी राही. याच केमरने 2004 साली जॉन हेन्री या धनिकाच्या भांडवलावर 'आयरेसिंग' ही कंपनी स्थापली आणि 2008 साली ती लोकांना खुली झाली. तिने खऱ्या ट्रॅकची लेसर किरणांनी मोजणी सुरू केली. डांबरातला उंचवटा, दोन थरांतला सांधा, कडेच्या दगडाची उंची, सारे मोजून संगणकात उतरवायचे. ज्याने खऱ्या ट्रॅकवर हजार फेऱ्या मारल्या, त्याच्या हाताला येथे ओळखीचा खड्डा ओळखीच्या जागी सापडू लागला.

मग यात उणे काय राहिले? शरीर. खऱ्या गाडीत चालक डोळ्यांनी पाहतो त्याहून अधिक पाठीने आणि मांड्यांनी पाहतो. गाडीचे मागचे चाक सुटू लागले, की ते आधी बैठकीला कळते, मग हाताला, आणि डोळ्यांना सर्वांच्या शेवटी. आमच्याकडचा जुना लेथवाला कारागीर पोलादावर टूल कसे चालले आहे ते आवाजावरून आणि हँडलच्या थरथरीवरून सांगतो. त्याला काचेच्या पेटीतून यंत्र चालवायला सांगा, तो आंधळा झाल्यासारखा होईल. शर्यतीच्या चालकाचे तसेच होते. सात वेळा जगज्जेता ठरलेला मायकेल शूमाखर 2010 साली पुन्हा शर्यतीत उतरला, तेव्हा संघाच्या सिम्युलेटरवर बसले, की त्याला मळमळत असे. डोळे सांगतात गाडी वळली, कानातला तोल सांगतो काही हलले नाही, आणि या भांडणात पोट ढवळून निघते. त्याच साली उलटा प्रयोगही झाला. ग्रेगर हुट्टू हा फिनलंडचा तरुण आयरेसिंगचा विजेता. त्याला अमेरिकेतल्या रोड अटलांटा या ट्रॅकवर खऱ्या गाडीत बसवले. कोठे ब्रेक मारावा, कोठे वळावे, हे त्याला पहिल्या फेरीपासून ठाऊक होते आणि त्याचा वेग पाहून जाणकार थक्क झाले. पण शरीराला त्या ओढीची सवय नव्हती. त्याला वांती झाली. विद्या पडद्यावरून ट्रॅकवर आणि ट्रॅकवरून पडद्यावर जाऊ शकते. शरीराची तालीम मात्र ज्या त्या जागीच करावी लागते.

आता ज्या माणसावरून हा विषय आमच्या मनात आला, त्याच्याकडे वळू. त्याचे नाव डेल अर्नहार्ट, धाकटा. अमेरिकेत नॅसकार नावाच्या संस्थेच्या मोटारशर्यती होतात. दक्षिणेकडच्या गिरणीकामगारांच्या, शेतकऱ्यांच्या आणि गॅरेजवाल्यांच्या मुलुखात वाढलेला हा खेळ. थोरला डेल अर्नहार्ट या खेळातला सात वेळचा अजिंक्यवीर. त्याचा बाप कापडगिरणीत काम करून शर्यती करणारा. 18 फेब्रुवारी 2001 रोजी डेटोना येथे 500 मैलांच्या शर्यतीत, अगदी शेवटच्या फेरीत, थोरल्या अर्नहार्टची गाडी भिंतीवर आदळली आणि तो गेला. मुलगा त्याच शर्यतीत होता. तो दुसरा आला. मान आणि डोके जागी धरून ठेवणारा पट्टा त्या वेळी ऐच्छिक होता; त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तो सक्तीचा झाला. कारखान्यांच्या कायद्यांचा इतिहास ज्यांनी वाचला आहे, त्यांना या क्रमाचे नवल वाटणार नाही. आधी माणूस जातो, मग कलम येते.

धाकटा अर्नहार्ट पुढे सोळा वर्षे धावत राहिला. 2016 साली डोक्याला बसलेल्या मारामुळे त्याला अर्ध्या हंगामावर पाणी सोडावे लागले आणि 2017 च्या अखेरीस त्याने पूर्ण वेळ शर्यती करणे सोडले. पण हा माणूस पडद्यावरच्या शर्यतीला नवखा नव्हता. पपायरसचे कार्यक्रम तो 1990 च्या दशकापासून, म्हणजे स्वतः नावारूपाला येण्यापूर्वीपासून, घरी खेळत आला होता आणि ती गंमत पाहून त्याला हसणारे पुष्कळ होते.

मार्च 2020 मध्ये साथ आली. 13 मार्चला मेलबर्नची फॉर्म्युला वन शर्यत ऐनवेळी रद्द झाली, त्याच दिवशी नॅसकारनेही आपली पुढची शर्यत पुढे ढकलली. प्रेक्षक घरी, चालक घरी, आणि दूरदर्शन वाहिन्यांपुढे रिकामे रविवार. तेव्हा 22 मार्चला होमस्टेड-मायामीची जी शर्यत खऱ्या ट्रॅकवर व्हायची, तीच आयरेसिंगच्या पडद्यावर, नामांकित चालकांना त्यांच्या त्यांच्या घरी बसवून घेण्यात आली आणि खऱ्या शर्यतीसारखी दूरदर्शनवर दाखवली गेली. सुमारे नऊ लाख लोकांनी ती पाहिली. पंचेचाळीस वर्षांचा, निवृत्त अर्नहार्ट शेवटच्या फेरीत सर्वांच्या पुढे होता. डेनी हॅमलिन या चालू काळातल्या विजेत्याने, पायांत बूटही न घालता खुर्चीत बसून, शेवटच्या वळणावर त्याला गाठले, गाडीला गाडी घासली आणि हॅमलिन जिंकला. अर्नहार्ट दुसरा. बाप गेला तीही शेवटचीच फेरी होती आणि तेथेही हा दुसराच आला होता. या वेळी मात्र शर्यत संपल्यावर तो खुर्चीतून उठून आपल्या बायकामुलांत गेला. एवढ्या एका गोष्टीसाठी सुद्धा हे यंत्र निघाले हे बरे झाले, असे आम्हांला वाटते.

पुढच्या रविवारी, 29 मार्चला, टेक्सासच्या ट्रॅकची नक्कल होती आणि तेथे टिमी हिल जिंकला. हे नाव आपल्यापैकी कोणी ऐकले नसेल. अमेरिकेतही फारसे कोणी ऐकले नव्हते. तो गरीब संघाचा चालक. खऱ्या नॅसकारच्या वरच्या पातळीवर त्याने तोवर एकही शर्यत जिंकलेली नव्हती आणि जिंकण्याची शक्यताही नव्हती, कारण श्रीमंत संघाच्या इंजिनापुढे त्याच्या संघाचे इंजिन टिकत नाही. पडद्यावर मात्र सर्वांना गाडी सारखी. हॅमलिनच्या घरचे यंत्र हजारो डॉलरचे आणि हिलचे स्टिअरिंग साध्या टेबलाला अडकवलेले, तरी ती तफावत ट्रॅकवरच्या तफावतीपुढे काहीच नव्हे. भांडवलाची गाठ क्षणभर सैल झाली आणि माणसाचा हात दिसला. यात अमेरिकेतल्या कोणाला किती बोध झाला ते सांगता येत नाही, पण आमच्या चळवळीला हे दृश्य परिचयाचे आहे. समान हत्यार दिले, तर कुशल हात कोणत्या घरात जन्मेल त्याचा नेम नाही.

मोटारशर्यत हा धनवंतांचा खेळ आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. आठ-दहा वर्षांच्या मुलाला कार्ट नावाच्या लहान गाडीवर बसवण्यापासून फॉर्म्युला वनच्या दारापर्यंत नेण्यात लक्षावधी युरो लागतात. त्यामुळे या खेळाच्या इतिहासात हरलेल्यांपेक्षा पैसे संपलेल्यांची संख्या मोठी आहे. हॉलंडचा रूडी व्हान ब्यूरेन हा त्यांतला एक. लहानपणी त्याने कार्टच्या शर्यती केल्या, पैशाअभावी सोडल्या आणि पुढे तो विक्री खात्यात नोकरी करू लागला. 2017 साली मॅक्लारेन संघाने पडद्यावरच्या खेळाडूंची एक मोठी स्पर्धा घेतली. हजारो स्पर्धकांतून तो पहिला आला आणि संघाने त्याला सिम्युलेटरचा चालक म्हणून एका वर्षाच्या करारावर नेमले. पुढे रेड बुल संघातही त्याने हेच काम केले. इंग्लंडचा जेम्स बॉल्डविन असाच पैशाने अडलेला. 2019 साली त्याच मालिकेतली स्पर्धा जिंकल्याचे बक्षीस म्हणून त्याला खऱ्या गाडीत जागा मिळाली आणि ऑगस्ट 2020 मध्ये ओल्टन पार्कला ब्रिटिश जीटी मालिकेतल्या आपल्या पहिल्याच शर्यतीत तो, सहचालकाच्या जोडीने, विजयी झाला. ज्यांना मुख्य दरवाजातून आत घेतले नाही, ते या नव्या खिडकीतून आत आले.

व्हान ब्यूरेनसारख्याचे काम काय असते तेही पाहण्यासारखे आहे. 2009 पासून फॉर्म्युला वनमध्ये हंगाम चालू असताना खऱ्या गाडीच्या चाचण्या घेण्यास बंदी झाली. मग त्या चाचण्या सिम्युलेटरवर होऊ लागल्या. शुक्रवारी कोठेतरी दूरदेशी सराव होतो. त्याचे आकडे संघाच्या कारखान्यात येतात. आणि नामांकित चालक हॉटेलात झोपलेला असताना येथे दुसरा चालक रात्रभर त्याच ट्रॅकच्या फेऱ्या मारतो, पंखाचा कोन बदलून पाहतो, स्प्रिंग बदलून पाहतो. शनिवारी सकाळी त्यातले चांगले ते खऱ्या गाडीला लावतात. रविवारी व्यासपीठावर शँपेन उडते, ती याच्या अंगावर नाही. श्रोतेहो, याला आपण काय म्हणतो? रातपाळी म्हणतो. व्हिडिओ गेम खेळतो म्हणून ज्याला शेजारी हसले असतील, तो रातपाळीचा कामगार आहे.

यापुढे आम्ही आमच्या मुद्द्याला हात घालतो. 2020 च्या मार्चमध्ये सगळे म्हणत होते, ही गंमत आहे, लोकांचे मन रमवण्यासाठी आहे. एप्रिल उजाडताच सूर बदलला. 5 एप्रिलला ब्रिस्टलच्या पडद्यावरील शर्यतीत बबा वॉलेस या चालकाची टक्कर झाली. तो वैतागून शर्यत सोडून उठला. त्याच्या गाडीवर एका वेदनाशामक मलमाची जाहिरात होती. त्या कंपनीने त्याच दिवशी त्याच्याशी संबंध तोडल्याचे सर्वांसमक्ष जाहीर केले. आठवड्याने, 12 एप्रिलला, अशाच एका शर्यतीत काइल लार्सन या चालकाने, आपले बोलणे सर्वांना ऐकू जात आहे याची कल्पना नसताना, काळ्या लोकांबद्दलचा अत्यंत घाणेरडा शब्द उच्चारला. नॅसकारने त्याला निलंबित केले, मोठे प्रायोजक दूर झाले, आणि दोन दिवसांत, 14 एप्रिलला, त्याच्या मालकाने त्याला खऱ्या गाडीवरून काढून टाकले. 23 मे रोजी विजेच्या मोटारींच्या फॉर्म्युला ई मालिकेत डॅनियल आब्ट या जर्मन चालकाने पडद्यावरील शर्यतीत आपल्या जागी अठरा वर्षांचा एक तरबेज सिम खेळाडू गुपचूप बसवला. गाडी तिसरी आली, आणि संशय येऊन बिंग फुटले. त्याला बाद ठरवले, दहा हजार युरो धर्मादायाला द्यायला लावले आणि आउडी संघाने त्याला निलंबित केले. आपण हे चेष्टेखातर केले, लोकांना एक मजेदार गोष्ट दाखवायची होती, असे त्याचे म्हणणे होते.

या तिघांना आम्ही एका मापाने मोजत नाही. लार्सनचा शब्द ट्रॅकवर उच्चारला काय, घरात उच्चारला काय, सारखाच निंद्य होता. खात्यात सोबतच्या कामगाराला जातीवरून शिवी देणाऱ्याची बाजू आमच्या संघटनेने कधी घेतलेली नाही आणि घेणारही नाही. लार्सनला शिक्षा झाली, 2021 च्या आरंभी तो परत आला आणि त्याच वर्षी नॅसकारचा अजिंक्यवीर झाला. शिक्षा असावी आणि तिला शेवटही असावा, हे आम्हांला योग्य वाटते. आब्टने जे केले त्याला आपल्या भाषेत सोपा शब्द आहे : दुसऱ्याच्या हातून कार्ड पंच करवणे. कोणत्याही कारखान्याच्या स्थायी आदेशांत ती गैरवर्तणूक आहे. वॉलेसने काय केले? एका रागाच्या क्षणी तो खुर्चीवरून उठला. एवढ्यावरून जाहीर नाचक्की व्हावी, असे आम्हांला वाटत नाही.

पण शिक्षा योग्य की अयोग्य, हा आजचा प्रश्नच नव्हे. प्रश्न हा, की तिघांनाही शिक्षा झाली ती नोकरीतली झाली. खेळात चूक केली, तर खेळाडूला खेळाबाहेर काढतात. येथे चूक पडद्यावर झाली आणि भाकरी ट्रॅकवरची गेली. याचा अर्थ, मालकांनी आणि जाहिरातदारांनी कोणतीही परिषद न भरवता, कोणताही ठराव न करता, हे ठरवून टाकले, की चालकाच्या घरातली ती खोली म्हणजे कामाची जागा आहे.

आमच्या भागातल्या एका कारखान्यात, नाव घेण्याचे कारण नाही, काही वर्षांपूर्वी संगणकावर चालणारी नवी यंत्रे आली. पाळी सुटल्यावर रोज दोन तास थांबून ती शिकावीत, असा हुकूम निघाला. त्या दोन तासांचा पगार मागितला, तर उत्तर मिळाले, हे शिक्षण आहे, काम नव्हे; तुमच्याच भल्याचे आहे. महिन्याभराने शिकताना एका पोराच्या हातून एक महागडे टूल मोडले. त्याची किंमत त्याच्या पगारातून कापली गेली. आम्ही व्यवस्थापनाला एवढेच विचारले, की ते दोन तास काम नसतील, तर कामाच्या पगारातून कापता कसे? आणि कापता आहात, तर ते काम आहे; मग त्याचा मोबदला कोठे आहे? वाटाघाटी पुष्कळ महिने चालल्या. शेवटी शिकण्याचे तास कामाच्या तासांत धरले गेले. 2020 च्या वसंतात अमेरिकेत आणि युरोपात जे घडले, ते वाचताना आम्हांला ते मोडलेले टूल आठवले, यात नवल नाही.

कर्तव्ये पडद्यावर आली, तर हक्कही मागोमाग यायला हवेत. उदाहरणार्थ, यंत्र बिघडले तर नुकसान कोणाचे? जानेवारी 2023 मध्ये ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीची पडद्यावरील आवृत्ती झाली. त्या वेळी दोनदा जगज्जेता ठरलेला मॅक्स व्हर्स्टापेन त्यात उतरला होता. आघाडीवर असताना त्याचा संगणकाशी संपर्कच तुटला आणि कित्येक महिन्यांची तयारी पाण्यात गेली. खऱ्या ट्रॅकवर दिवे गेले, तर शर्यत थांबवण्याचे नियम आहेत. येथे दोष आयोजकांच्या यंत्रणेतला आणि फळ चालकाच्या माथी. त्याने संतापाने या सर्वांची सर्कस अशी संभावना केली. जगज्जेत्याचा संताप वर्तमानपत्रांत छापून येतो. सामान्य स्पर्धकाचा येत नाही, म्हणून नियम असावे लागतात.

दुसरे उदाहरण याच माणसाचे. मे 2024 मध्ये इमोला येथे त्याने रविवारची खरी शर्यत जिंकली आणि त्याच दोन दिवसांत त्याच्या चमूने नुर्बुर्गरिंगची चोवीस तासांची पडद्यावरील शर्यतही जिंकली. तिच्यात त्याने आपल्या वाट्याचे तास चालवले होते. सगळ्यांनी वाहवा केली. जुलैत हंगेरीच्या शर्यतीच्या आदल्या रात्री तो असाच पहाटे तीनपर्यंत पडद्यापुढे होता आणि दुसऱ्या दिवशी पाचवा आला. लगेच चर्चा सुरू झाली. यापुढे तो इतक्या उशिरापर्यंत असे करणार नाही असे ठरले आहे, असे संघाच्या सल्लागाराने सांगून टाकले. जिंकला तेव्हा ती त्याची हौस होती. हरला तेव्हा तो संघाचा वेळ झाला. माणसाने रात्री किती वाजता झोपावे, हे सांगण्याचा अधिकार मालकाला कोठपर्यंत आहे? कामाच्या तासांच्या मर्यादेसाठी ज्यांनी शतकभर झगडा केला, त्यांच्या वारसांना हा प्रश्न परका वाटू नये. कोट्यवधी कमावणाऱ्या चालकाची कणव करा, असे आम्ही सांगत नाही. पण जो नियम त्याच्यासाठी आज पडतो, तोच उद्या घरी बसून संगणकावर काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींना लागू होतो.

शेवटी एका गावाची गोष्ट सांगून आम्ही थांबतो, कारण तिच्यात या नव्या यंत्राची उजळ बाजू आहे. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात नॉर्थ विल्क्सबरो येथे एक जुना ट्रॅक आहे. 1996 साली नॅसकारच्या मोठ्या शर्यती तेथून हलवल्या गेल्या. पुढे फाटकाला कुलूप लागले, डांबराच्या भेगांतून झाडोरा वाढला आणि पायऱ्यांची लाकडे कुजली. ज्या गावची गिरणी बंद पडली आहे, त्या गावच्या माणसाला हे चित्र वर्णन करून सांगावे लागत नाही. 2019 च्या डिसेंबरात धाकटा अर्नहार्ट मित्रमंडळी घेऊन तेथे गेला, हातात फावडी आणि झाडू घेऊन सर्वांनी ट्रॅकवरचे गवत उपटले आणि आयरेसिंगच्या लोकांनी तो लेसरने मोजून घेतला. निदान पडद्यावर तरी हा राहावा, एवढाच हेतू. 9 मे 2020 रोजी पडद्यावरील मालिकेची शेवटची शर्यत याच ट्रॅकवर झाली आणि लोकांनी आपला जुना ट्रॅक नवा झालेला पाहिला. मग गाडे हलले. 2021 साली राज्याच्या अंदाजपत्रकात त्याच्या दुरुस्तीसाठी एक कोट ऐंशी लाख डॉलर मंजूर झाले आणि मे 2023 मध्ये सत्तावीस वर्षांनी नॅसकारचे नामांकित चालक तेथे खऱ्या गाड्या घेऊन धावले.

हे यंत्र खोटे आहे, असे म्हणून ज्यांनी नाक मुरडले, त्यांना नॉर्थ विल्क्सबरोच्या चहावाल्याने, गॅरेजवाल्याने आणि तिकीट फाडणाऱ्याने उत्तर दिले आहे. वाद्याच्या कारखान्यातल्या भात्यापासून निघालेली ही वस्तू. तिने वैमानिकांचे प्राण वाचवले, पैशाअभावी दाराबाहेर राहिलेल्यांना आत घेतले, निवृत्त चालकाला भिंतीची भीती नसलेली शर्यत दिली आणि एका पडीक ट्रॅकला पुन्हा माणसे दाखवली. तिला आमचा विरोध नाही. कोणत्याही यंत्राला कामगार चळवळीचा विरोध असण्याचे कारण नाही. आमचा आग्रह एवढाच, की ज्या खुर्चीत बसून केलेल्या चुकीने माणसाची नोकरी जाऊ शकते, त्या खुर्चीतल्या त्याच्या श्रमाला श्रम म्हणावे, त्या तासांना तास म्हणावे, आणि त्याचे नियम करताना त्यालाही टेबलाशी बोलवावे. एडविन लिंकचे यंत्र खेळणे आहे की साधन, हे 1934 साली ठरले ते माणसे मेल्यानंतर. आपल्या पिढीला तितकी वाट पाहण्याची गरज पडू नये.